नगरसेविका ताई म्हणतायत "अपडेट कसे हवेत ते तुम्हीच लिहून द्या", तर काय काय मागायचं?

कॉलनीची_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. नाशिकमध्येच राहते, कॉलनीचं आणि प्रभागाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण विषय एका माणसाचा नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चाललंय असं मैत्रिणींकडून ऐकते.

मार्च २०२२ ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली, तिथून जवळपास चार वर्षं महापालिकेवर प्रशासक. तेवढ्या काळात पाणी आलं नाही तर फोन नक्की करायचा कोणाला हेच कळायचं नाही. आता जानेवारीत निवडणूक झाली आणि प्रभागाला परत आपली माणसं मिळाली. आमच्याकडे चार जण निवडून आलेत, त्यातल्या एक ताई खरंच फिरणाऱ्या आहेत. सकाळी पाण्याच्या वेळेला गल्लीत दिसतात, फोन उचलतात, उचलला नाही तर उलट करतात. त्यांनी प्रभागासाठी व्हॉट्सअॅपवर चॅनल काढलंय आणि त्यावर रोज काही ना काही येतं. आता प्रॉब्लेम ऐका. जे येतं ते असं असतं,

"आज प्रभागातील विविध नागरी समस्यांची पाहणी केली व संबंधित अधिकाऱ्यांना तातडीने कार्यवाहीच्या सूचना दिल्या."

आणि खाली सात-आठ फोटो. ताई खड्ड्याकडे बोट दाखवतायत, बाजूला दोन कार्यकर्ते, एक साहेब डायरी घेऊन. कोणता खड्डा, कोणत्या गल्लीतला, कोणते साहेब, कधी भरणार, काहीच नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅसच्या पाइपसाठी रस्ता आडवा खोदला होता, वरून नुसता मुरूम टाकून गेले, तो बसला आणि आता तिथे चांगली घळ झालीय. समोरच्या बंगल्यातले आजोबा काठी टेकत त्याच्या कडेने जातात, ते बघूनच पोटात गोळा येतो. त्या खड्ड्याबद्दल "सूचना दिल्या" असं चॅनलवर दोनदा येऊन गेलं. खड्डा आहे तिथेच आहे.

आणि याचा खरा तोटा वेगळाच झाला. रोजचे फोटो, वाढदिवस, सत्कार, उद्घाटन असं सगळं एकात येत असल्यामुळे लोकांनी चॅनल म्यूट करून टाकलं. मग मधे एका शनिवारी पाइपलाइनच्या कामासाठी पूर्ण दिवस पाणी बंद राहणार होतं, तो मेसेज ताईंनी आदल्या संध्याकाळी टाकला होता, पण बघितला कोणी? अर्ध्या कॉलनीने पाणी भरून ठेवलंच नाही. एका घरी बाळंतीण होती, त्यांचे फार हाल झाले.

मी ताईंना हे सगळं तोंडावर सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या की बरोबर आहे तुमचं, तुम्हाला कसं पाहिजे ते एका कागदावर लिहून द्या, मी तसं देते. आता चेंडू आपल्याकडे आलाय म्हणून विचारतेय. तुम्ही असता तर काय मागितलं असतं? मला नुसत्या तक्रारी नकोत, तक्रारी आमच्याकडेही पोत्याने आहेत. तो कागद चांगला झाला पाहिजे, म्हणजे तुमच्या नगरसेवकांनाही तोच देता येईल.

---

ओव्हरसिअर_काका

ताई, नोकरी सगळी सरकारी बांधकामात गेली, आता निवृत्त आहे, तेव्हा मला जे कळतं ते सांगतो.

"सूचना दिल्या" या शब्दाला कागदावर काही किंमत नाही. तोंडी सूचनेवर एक फावडं हलत नाही. कुठलंही काम हे ठराविक पायऱ्यांनी जातं. आधी जागेवर जाऊन पाहणी, मग इंजिनियर एस्टिमेट करतो म्हणजे प्राकलन, पैसा कुठल्या हेडमधून येणार ते ठरून प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी लागते, मोठं काम असेल तर स्थायी समितीत विषय जातो (१६ सदस्यांची समिती असते, खर्चाच्या चाव्या तिथे), मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग प्रत्यक्ष काम, मग मोजमाप पुस्तकात नोंद आणि शेवटी बिल. तुमच्या ताईंनी प्रत्येक कामाच्या पुढे फक्त एवढं लिहिलं की हे काम आज कुठल्या पायरीवर आहे आणि पुढच्या पायरीचा कागद कोणाच्या टेबलावर आहे, तरी निम्मी भांडणं मिटतील. माणसाचं नाव नका लिहू, हुद्दा लिहा. कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, लेखा विभाग असं. माणूस बदलतो, टेबल तिथेच असतं.

तुमच्या त्या खोदलेल्या रस्त्याचं सांगतो. कुठल्याही कंपनीला रस्ता खोदायचा तर परवानगी लागते आणि त्यासाठी तोडफोड फी भरावी लागते, तो पैसा रस्ता पूर्ववत करण्यासाठीच घेतलेला असतो. तेव्हा ताईंना "खड्डा बुजवा" एवढंच सांगू नका. विचारा की या खोदकामाची परवानगी कोणत्या तारखेची आहे, फी भरली का, आणि पूर्ववत करायची जबाबदारी परवानगीत कोणावर टाकलीय, कंपनीवर की पालिकेवर. हे एकदा चॅनलवर आलं की ज्याची जबाबदारी त्याला पळवाट राहत नाही. आणि रस्ता नवा असेल तर दोष दायित्व कालावधी बघा, सगळे त्याला डीएलपी म्हणतात. त्या मुदतीत रस्ता आपोआप खचला, उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो. किती वर्षांचा ते टेंडरमध्ये लिहिलेलं असतं. प्रभागातल्या प्रत्येक नव्या रस्त्याची डीएलपी कधी संपते याची एक यादी ताईंनी टाकली ना, तर लोक स्वतःच लक्ष ठेवतील, मुदत संपायच्या आत ओरड करतील.

अजून एक, पावसाळ्यात डांबर टाकत नाहीत. ओल्या खडीला डांबर धरत नाही, टाकलं तर वाहून जातं. म्हणून जूनमधे "लवकरच डांबरीकरण" लिहिण्यात अर्थ नाही, ते पाऊस उघडल्याशिवाय होणारच नाही. त्यापेक्षा सरळ लिहावं की आत्ता खडी मुरूम टाकून दाबून देतो, डांबर दिवाळीच्या सुमारास. लोक ऐकून घेतात हो, लोकांना राग येतो तो खोट्या आशेचा.

---

सिडकोवाली

मी फक्त पाण्यावर बोलणार कारण आमच्या घरात सगळ्या दिवसाचं टाइमटेबल पाण्यावर ठरतं.

शहराला पाणी गंगापूर धरणातून येतं, मुकणेतून येतं आणि नाशिकरोड भागाला दारणेचं पण आहे, हे पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहितीये. पण माझ्या नळाला कुठलं येतं आणि मधे कुठल्या जलकुंभातून येतं हे दहातल्या आठ लोकांना माहीत नसतं. म्हणून पंपिंग स्टेशनला लाइट गेली अशी बातमी आली की सगळं शहर घाबरतं, आणि उलट आपलाच जलकुंभ भरला नाही तर आपल्याला पत्ताच नसतो. तेव्हा पहिली मागणी ही करा की प्रभागातली कुठली कॉलनी कुठल्या टाकीवर आहे हे एकदा, फक्त एकदा, नीट लिहून टाका आणि वर पिन करून ठेवा. नंतर मेसेज दोन ओळींचा पुरतो, "अमुक टाकी आज भरली नाही, या या गल्ल्यांना उद्या सकाळी कमी दाबाने येईल."

दुसरं म्हणजे बंदचा मेसेज. "शनिवारी पाणीपुरवठा बंद, रविवारी सकाळी कमी दाबाने" हे आपल्याला पाठ झालंय पण तो मेसेज आदल्या रात्री येऊन काय उपयोग, ज्या बाईची सेकंड शिफ्ट आहे ती घरी येते अकराला, तेव्हा नळ गेलेला असतो. गुरुवारी कळलं तर शुक्रवारी सकाळी भरून ठेवता येतं. विभागाकडून प्रेसनोट जेव्हा निघते तेव्हाच ताईंनी ती उचलायची, स्वतःचा फोटो लावायला थांबायचं नाही. आणि पाणी बंदच्या मेसेजमधे हे पाच शब्द तरी असावेतच, कुठे, कधीपासून, कधीपर्यंत, कशामुळे, टँकर कोणाकडे.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, बंद नंतर पहिलं पाणी गढूळ येतं कारण रिकाम्या लाइनमधला गाळ हलतो, ते थोडा वेळ सोडून द्यायचं, पिण्याचं लगेच भरायचं नाही. हे पण लिहा मेसेजमधे. दोन दिवसांनी पण गढूळच येत असेल तर मात्र तो नुसता गाळ नसेल, कुठेतरी लाइन फुटून गटाराचं पाणी शिरत असू शकतं, ते लगेच कळवायचं. लहान मुलं आहेत घरोघरी.

व्हॉल्वमन दादांना विसरू नका. त्या बिचाऱ्यांना सगळं माहीत असतं, कुठला व्हॉल्व अर्धा उघडतो, कुठे प्रेशर मरतं. ताईंनी आठवड्यातून एकदा त्यांच्याशी बोलून दोन ओळी टाकल्या तरी सोनं.

---

कॉलनीची_सेक्रेटरी

काका आणि ताई, दोघांचे मनापासून आभार, हे असंच पाहिजे होतं. टाकीचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आता विचारते आमची कोणती ते.

---

गल्ली_नंबर_चार

एक प्रॅक्टिकल अडचण सांगतो. नाशिकला १२२ नगरसेवक आणि ३१ प्रभाग आहेत, म्हणजे बहुतेक प्रभागात चार-चार जण. आमच्याकडे एकाच गटारीचे फोटो चारही जणांच्या चॅनलवर येतात, प्रत्येकाचं म्हणणं माझ्या पाठपुराव्याने झालं. आणि गटार तुंबली की चौघंही म्हणतात तो भाग माझ्याकडे नाही, दुसऱ्याकडे आहे. कायद्याने अ ब क ड (प्रभागातल्या चार जागा) मधे भाग वाटलेले नाहीत, चौघंही पूर्ण प्रभागाचे आहेत, आपापसात काय वाटून घेतलंय ते त्यांचं त्यांना माहीत. म्हणून मी असतो तर कागदावर पहिली ओळ ही लिहिली असती की चौघांनी मिळून महिन्याला एकच संयुक्त अपडेट द्यावा. पक्ष वेगळे असतील तरी. काम कोणामुळे झालं ते लोक बघून घेतील, काम कुठपर्यंत आलं ते आधी सांगा.

---

माहिती_हक्क_नाशिकरोड

माझं मत थोडं वेगळं आहे. ताई चांगल्या आहेत, आनंद आहे, पण तुम्ही सगळं त्यांच्या चांगुलपणावर सोडताय. उद्या त्या नसल्या, नाराज झाल्या, तर परत चार वर्षांसारखी अवस्था. जे अपडेट तुम्ही मागताय त्यातलं बरंचसं तुमचा हक्क आहे, विनंती नाही.

माहितीचा अधिकार २००५ चा, त्याच्या कलम ४ मधे स्पष्ट आहे की कार्यालयाने बरीच माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची, कामं, बजेट, अधिकाऱ्यांची कामं नि जबाबदाऱ्या. अर्ज करायचा तर दहा रुपये फी आणि तीस दिवसांत उत्तर. आणि खूप लोकांना माहीत नसतं की नुसते कागदच नाही, चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचा अधिकार पण त्याच कायद्यात आहे. रस्ता होताना चार जणांनी उभं राहून बघितलं तर खडीचा थर आपोआप जाड होतो, हा माझा अनुभव.

दाखल्यांसाठी वेगळा कायदा आहे, लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. जन्म-मृत्यू दाखला वगैरे ज्या सेवा त्यात अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरवून दिलीय, मुदतीत नाही मिळालं तर अपील आहे, तेही वर वर जातं. नगरसेवकांच्या ऑफिसमधे सर्वात जास्त गर्दी दाखल्यांसाठीच असते. ताईंनी चॅनलवर "दाखला मिळवून दिला" असे फोटो टाकण्यापेक्षा कुठला दाखला किती दिवसांत मिळालाच पाहिजे आणि नाही मिळाला तर अपील कोणाकडे, हे टाकलं तर लोकांना त्यांच्या ऑफिसची पायरी चढायलाच लागणार नाही. मला माहितीये की हे राजकीय माणसाला जड जाईल, कारण लोक दारात आले तरच उपकार राहतात. पण तुमच्या ताई खरंच वेगळ्या असतील तर हे करतील.

आणि क्षेत्रसभा! २००९ मधे राज्याच्या कायद्यात शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद आली, गावात ग्रामसभा असते तशी आपल्या भागातल्या मतदारांनी बसून नगरसेवकाला विचारायची. प्रत्यक्षात भरलेली तुमच्यापैकी कोणी पाहिलीय का? ताईंनी दर तीन महिन्यांनी कॉलनीच्या मैदानावर किंवा मंदिराच्या ओट्यावर लोकांना बोलवावं. समोर बसून उत्तर देणं आणि चॅनलवर मेसेज टाकणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे, चॅनलवर उलट प्रश्नच विचारता येत नाही.

---

कॉलनीची_सेक्रेटरी

दादा तुमचं पटतं, पण आमच्याकडे ऐंशी टक्के लोक अर्ज वगैरे करणार नाहीत, नोकरीतून वेळ नाही आणि थोडी भीती पण असते. म्हणून मला दोन्ही पाहिजे. ताई नीट सांगतायत तोपर्यंत नीट ऐकू, आणि बैठकीचं मी नक्की टाकते कागदात, तीन महिन्यांनी एकदा.

तुमच्या सगळ्यांचं वाचून त्या खड्ड्याचा मेसेज मी स्वतः लिहून बघितला. तारखा नमुन्याच्या आहेत, कंसात जे आहे ते ताई भरतील.

"गल्लीच्या तोंडाशी आडवा खोदलेला रस्ता. तक्रार आली (तारीख). कनिष्ठ अभियंता बांधकाम यांच्यासोबत पाहणी (तारीख). खोदकामाची परवानगी (तारीख) ची आहे, पूर्ववत करायची जबाबदारी (कोणाची). आत्ता खडी टाकून रोलर फिरवणार, (तारीख) पर्यंत. पक्कं डांबर पाऊस उघडल्यावर. पुढची माहिती (तारीख) ला, काम झालं असेल किंवा नसेल तरी."

ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काम नाही झालं तरी त्या दिवशी सांगायचं की नाही झालं आणि का. कसं वाटतंय?

---

ओव्हरसिअर_काका

उत्तम. यात फक्त जागेचा एक फोटो टाका, आधीचा, आणि झाल्यावर त्याच जागेवरून नंतरचा. फोटोत माणूस नको. कडेला विजेचा खांब किंवा गेट दिसलं पाहिजे म्हणजे जागा तीच आहे हे कळतं.

---

मेसेज_मीच_टाईप_करतो

मी एका नगरसेवकांच्या ऑफिसला आहे, प्रभाग दुसरा, पक्ष सांगत नाही. हे जे "विविध समस्यांची पाहणी" वगैरे येतं ते आमच्यासारखेच लिहितात म्हणून आमची पण बाजू सांगतो, राग मानू नका.

तारीख का टाकत नाही तर ती आमच्या हातात नसते. साहेब इंजिनियरना फोन करतात, ते म्हणतात करतो दोन दिवसांत, आम्ही लिहिलं परवा होणार आणि ठेकेदाराचा रोलर दुसऱ्या कामावर गेला की संपलं, त्या मेसेजचा स्क्रीनशॉट विरोधी ग्रुपवर वर्षभर फिरतो. म्हणून प्रत्येक जण "लवकरच" लिहून मोकळा होतो. सेक्रेटरी ताईंनी जी शेवटची ओळ लिहिलीय ना, पुढची माहिती अमुक तारखेला, ती मात्र आम्ही पाळू शकतो, कारण माहिती देणं आमच्या हातात आहे, काम करणं नाही. हे मी उद्याच साहेबांना दाखवतो. पण तुम्ही पण लोकांना सांगा की तारीख चुकली तर लगेच शिव्या नाही घालायच्या, कारण विचारायचं. शिव्या पडल्या की परत लवकरच सुरू होतं.

वाढदिवस, सत्कार बंद करा असं म्हणू नका, ते बंद होणार नाही. कोणाच्या वडिलांना श्रद्धांजली टाकली नाही तर घरचे लोक मनाला लावून घेतात, आपल्याकडे ते चालत नाही. त्यापेक्षा दोन वेगळी चॅनल मागा. एक सगळ्यासाठी, आणि दुसरं फक्त पाणी, रस्ता, कचरा, लाइट, दवाखाना यासाठी, त्यावर नमस्कार सुद्धा नको. दुसरं कोणी म्यूट करणार नाही, मी लिहून देतो. आमच्याकडे आम्ही हे सुरू केलंय आणि पाण्याचा मेसेज आला की अर्ध्या तासात सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर जातो.

ज्येष्ठांसाठी व्हॉइस नोट टाका, एक मिनिटाची, ताईंच्याच आवाजात. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी तोच मेसेज मोठ्या अक्षरात प्रिंट करून किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि जॉगिंग ट्रॅकच्या गेटवर. गिरणीवर सगळे वाचतात, दळण होईपर्यंत दुसरं काम नसतं.

एक कळकळीची विनंती, तक्रारदाराचं नाव, मोबाइल नंबर, घर नंबर चॅनलवर टाकू देऊ नका. काही ठिकाणी तक्रारींचं रजिस्टरच फोटो काढून टाकतात. शेजारच्याने गटारीवर बांधकाम केलंय अशी तक्रार करणाऱ्या बाईचं नाव सगळ्यांसमोर आलं तर तिला त्याच गल्लीत राहायचंय. तक्रारीला नुसता नंबर द्या आणि नंबरानेच अपडेट द्या.

---

सिडकोवाली

दादा हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. नावाचं अगदी खरं, आमच्याकडे एका काकूंनी याच भीतीने तक्रार करणं सोडून दिलंय.

कचऱ्याचं पण लिहा ना कागदात. घंटागाडी आली नाही तर गाडी बंद पडली की ड्रायव्हर सुट्टीवर की ठेकेदाराकडेच काही वाद चालू आहे, एवढं सकाळी नऊच्या आत कळलं तर ओला कचरा बाहेर काढून ठेवायचा का घरात ठेवायचा ते ठरवता येतं. नाहीतर बाहेर ठेवतो आणि कुत्री फाडतात, मग दिवसभर गल्लीत पसारा आणि वास. सिटीलिंक बसचं पण तसंच, आमच्या मुली कॉलेजला त्याच बसने जातात, संप किंवा फेऱ्या कमी असतील तर आदल्या रात्री सांगा म्हणजे रिक्षाची सोय बघता येते.

---

रामकुंडाजवळचा

पंचवटीतून लिहितोय. पाऊस तोंडावर आला म्हणून पुराबद्दल.

आमच्याकडे गंगापूरमधून पाणी सोडलं की फोनवर मेसेजचा पूर येतो. त्यातले निम्मे मागच्या नाहीतर त्याच्या मागच्या वर्षीचे व्हिडिओ असतात, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी वगैरे. सराफ बाजार, भांडी बाजारातल्या दुकानदारांना एकेक तासाचा फरक पडतो, माल वर चढवायचा की नाही. नगरसेवकांनी इथे एकच नियम पाळावा, विसर्गाचे दोन आकडे द्यावेत. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा एक, आणि होळकर पुलाखालून किती जातंय हा दुसरा. धरणाच्या खालच्या भागात पण पाऊस पडत असतो, नाले येऊन मिळतात, त्यामुळे पुलाखालचा आकडा मोठा असतो आणि आम्हाला तोच लागतो. नुसता धरणाचा आकडा बघून निवांत बसलेल्यांची दुकानं भिजलेली पाहिलीयत. आकड्याबरोबर किती वाजताचा ते लिहाच, वेळ नसलेला आकडा फॉरवर्ड होत होत संध्याकाळपर्यंत फिरतो आणि तोवर पाणी ओसरलेलं तरी असतं किंवा वाढलेलं तरी.

दुसरं कुंभाचं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे, आणि २०२७ मधे नाशिकला अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर. म्हणजे आत्तापासून शहरभर खोदकाम आणि रस्त्यांची कामं आहेत आणि ती होणारच, व्हायलाही पाहिजेत. पण आपल्या प्रभागातलं कुठलं काम कुंभाच्या निधीतलं आणि कुठलं नेहमीच्या बजेटमधलं हे वेगळं सांगायला सांगा. कारण कुंभाच्या कामाला तारीख टाळता येत नाही, आणि नेहमीच्या कामाला "कुंभाची गडबड आहे, नंतर बघू" हे उत्तर मिळायला लागेल. गल्लीतला खड्डा, दवाखान्यातली औषधं, डेंग्यूची फवारणी यांना कुंभासाठी थांबवता येणार नाही. रस्ता बंद करणार असतील तर पर्यायी रस्ता कोणता, शाळेच्या बस कुठून जाणार, आणि अॅम्ब्युलन्स कुठून येणार हे काम सुरू व्हायच्या आधी.

---

गल्ली_नंबर_चार

अॅम्ब्युलन्सच्या मुद्द्याला शंभर टक्के. ते पहिल्या पानावर घ्या.

---

कॉलनीची_सेक्रेटरी

सगळं लिहून काढलंय. दोन चॅनल, टाक्यांची यादी, पायरी नि पुढच्या अपडेटची तारीख, नावाऐवजी तक्रार नंबर, डीएलपीची यादी, दाखल्यांच्या मुदती, पुराचे दोन आकडे, चौघांचा मिळून एक अपडेट (हे अवघड आहे पण विचारते), आणि तीन महिन्यांनी मैदानावर बैठक. रविवारी ताईंकडे जातोय आम्ही सहा-सात जण, मुद्दाम बायका जास्त नेतेय कारण पाणी आणि कचरा आमच्याच अंगावर येतो.

एकच राहिलंय, ड्रेनेज. पाऊस पडला की आमच्या खालच्या बाजूच्या चेंबरमधून घाण पाणी वर येतं, दरवर्षी चेंबर साफ केल्याचा फोटो येतो आणि दरवर्षी पाणी वर येतं. यात नक्की काय विचारायचं ते कोणाला कळत असेल तर रविवारच्या आत लिहा.

---

ओव्हरसिअर_काका

त्यात आधी हे विचारा की ते चेंबर कुठल्या लाइनचं आहे. पावसाळी गटार वेगळी आणि मलनिस्सारणाची लाइन वेगळी, दोन्हींचं काम बघणारी माणसं पण वेगळी असतात, आणि चुकीच्या माणसाकडे तक्रार गेली की ती तिथेच पडून राहते. बहुतेक वेळा असं होतं की वरच्या बाजूच्या घरांनी, सोसायट्यांनी गच्चीचं पावसाचं पाणी मैल्याच्या चेंबरला जोडलेलं असतं. ती लाइन तेवढ्या पाण्यासाठी बनवलेलीच नसते, त्यामुळे जोराचा पाऊस आला की सगळ्यात खालच्या चेंबरमधून उसळतं. मग चेंबर कितीही साफ करा, काही होणार नाही. ताईंना सांगा, पाऊस सुरू व्हायच्या आधी वरच्या बाजूच्या जोडण्या तपासायला लावा, आणि किती घरांच्या तपासल्या, किती वेगळ्या केल्या तो आकडा चॅनलवर द्या, घरांची नावं नको. तुमच्या स्वतःच्या सोसायटीचा गच्चीचा पाइप कुठे जातो ते शनिवारी बघून घ्या, म्हणजे रविवारी तुम्हाला जोरात बोलता येईल.